विषय: चर्चची वर्गणी (पेव्हरआधी बावखल बघा)

नमस्कार मंडळी,
वसईच्या सभासदांकडून विचारणा आली आहे. गावच्या चर्चला यंदा पर्यावरणासाठी काहीतरी करायचंय. यादी अशी: १०० झाडं, छपरावर सोलर, पटांगणात पेव्हर ब्लॉक. (पेव्हर त्यात कसे बसले ते मला विचारू नका.) आपल्या मंडळाने कशाला पैसे द्यावेत? वसईकर सध्या सुट्टीवर गावीच आहेत, त्यांनी बघून लिहावं.
– खजिनदार, मस्कत

खजिनदारसाहेब,
काल मिस्सा सुटल्यावर आवारात फिरलो. कुंपणालगत मागच्या खेपेच्या झाडांचे पिंजरे उभे आहेत. देणगीदारांची नावं शाबूत, आत वाळकी काडी. मे महिन्यात पाणी कोण घालणार? विहिरीचं पाणी मचूळ झालंय, सणाच्या जेवणाला टँकर येतो.

चर्चच्या मागे बावखल आहे. वसईबाहेरच्यांसाठी सांगतो: जुन्या लोकांनी घराच्या जोत्याला, वाडीच्या भरावाला माती काढली, तो खड्डा पावसाने भरला, ते बावखल. शिंपण्याला पाणी तिथूनच, आणि खाली झिरपलं की शेजारची विहीर गोड. समुद्र हाकेच्या अंतरावर. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून जमिनीत ते वर तरंगतं. गोड्याची पातळी समुद्रापेक्षा १ मीटर वर असेल तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत ते खाऱ्याला दाबून धरतं. वरचं उपसलं आणि भरणं थांबलं की खारं चढतं. चर्चच्या विहिरीला तेच झालंय.

आणि बावखलाची दशा? वर जलपर्णी, काठाला थर्माकोलच्या प्लेटा (राज्यात २०१८ पासून बंदी आहे, पण लग्नाच्या जेवणाला कोण विचारतो), आणि दफनभूमीतून आलेले प्लास्टिकच्या फुलांचे हार. एका पुष्पचक्राची सोनेरी पट्टी पाण्यात अर्धी बुडालेली, त्यावरचं 'प्रिय' एवढंच वाचता येत होतं.

आता हिशेब. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. चर्चचं छप्पर ३०० चौरस मीटर धरा, पाऊस २००० मिलिमीटर धरा. ६ लाख लिटर. दहा हजारी टँकर लावले तर ६०. हे सगळं पाणी आज पन्हळीतून गटारात जातं, आणि पेव्हरखाली सिमेंट ओतलं की पटांगणाचंही जाईल. छपराच्या पन्हळी बावखलाकडे वळवायला लागतो पाइप आणि प्लंबर.

फादर दिब्रिटो 'हरित वसई'ची चळवळ घेऊन उभे राहिले तेव्हा आम्ही पोरंटोरं होतो. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या 'लाउदातो सी' या पर्यावरणावरच्या पत्रातही पिण्याचं पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क म्हटलंय. प्रवचनात ते येतं. प्रवचन संपवून फादर ज्या दाराने बाहेर पडतात, त्याच्या मागेच हे बावखल.

खरं म्हणजे हे बोलायला मला तोंड नाही. आमच्या वाडीतलं बावखल वडिलांनी भावाच्या घरासाठी बुजवलं. मी परदेशातून पैसे पाठवले होते. दोन उन्हाळ्यांत आमची विहीर गेली.
– वसईकर

वसईकर भाऊ,
मी मूळची देवरुखची. आमच्याकडे पाऊस सरला की सगळी वाडी पऱ्यावर (ओढ्यावर) जमून पोत्यांत माती भरून कच्चा बंधारा घालते. बोलावणं घरटी एक माणूस. तुमच्याकडे तर दर रविवारी सगळं गाव आपसूक जमतं. ते सोडून सोलर काय घेऊन बसलात? आणि देवराईत जसा कौल घेतल्याशिवाय फांदी तोडत नाहीत, तसा दफनभूमीतल्या झाडांनाही कोणी हात लावू नये असं फादरनी एकदा सांगून टाकावं.
एकच शंका. डासांचं काय? आमच्या सूनबाईंना हाच प्रश्न आधी पडेल.
– मावशी, दोहा

मावशी, गप्पी मासे सोडायचे. डासांच्या अळ्या खातात, फुकट मिळतात, मात्र जलपर्णी आधी काढावी लागते. आणि बावखलात शेजारच्या आळीचे दीड दिवसाचे गणपतीही विसर्जित होतात, म्हणून त्या आळीला बोलावल्याशिवाय काम सुरू करू नका असं मी फादरना सांगितलंय. ते हसले, म्हणाले, तुम्हीच जाऊन बोलवा. उद्या जातोय.

खजिनदारसाहेब, घाई आहे. जूनचा पहिला पाऊस पडला की जेसीबी आत जात नाही. गाळ तेवढाच काढायचा, तळ फोडायचा नाही, खोल गेलं की खारं लागतं. मजुरी, पाइप आणि दोन दिवसांचा जेसीबी एवढेच पैसे पाठवा. झाडं पुढच्या वर्षी, विहीर गोड झाली तर. सोलरला माझी हरकत नाही, पण ते नंतर. पेव्हरला आहे.

आणि मंडळाच्या नावाची पाटी नको. पिंजऱ्यांवर पुरेशी नावं आहेत.
– वसईकर