अनुभव धागा: जुनं दुखणं, ताण आणि हाताचे उपाय

संत्रा_बर्फी: नागपुरात थंडी पडली की माळ्यावरची काशाची वाटी खाली येते. आज ती दिसली म्हणून हा धागा. 'बरं वाटलं' एवढ्यावर भागवू नका. किती वेळ, किती तेल, कुठे बिघडतं ते लिहा. सुरुवात वाटीपासून: एका तळपायाला अर्धा चमचा तूप, वाटीची पाठ टाचेपासून बोटांकडे गोल गोल, दहा मिनिटं. जोर नको, वाटीचं वजनच पुरतं. मग बेसन लावून पुसा, नाहीतर फरशीवर सरळ लोटांगण 😄

महालवाली: तळवा काळा होतो ती 'अंगातली उष्णता' नव्हे हं. काशात साधारण 78 टक्के तांबं, बाकी कथील. तांब्याची तुपातल्या आम्लाशी, घामाशी प्रक्रिया होते, बस. जास्त काळं म्हणजे जास्त गुण, असं नाही.

रिकामा_कुलर: इतवारी बाजारात घेताना टिचकी मारून पाहा बाप्पा. काशाचा नाद लांबतो. आणि पाडू नका, पितळेला पोचा येतो, कासं फुटतं.

वैद्य_धंतोली: कंबरेसाठी कटीबस्ती, म्हणजे कंबरेवर पिठाचं कडं बसवून त्यात कोमट तेल धरून ठेवणं. उडदाचं पीठ कोमट पाण्यात पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळायचं, दोन इंच उंच कडं करून कंबरेवर बसवायचं. तेल गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करा, थेट गॅसवर नाही. आधी मनगटावर थेंब. तेल निवलं की कापसाने टिपून नवं, असं अर्धा तास. गळतं ते बहुतेक कण्याच्या खाचेतून, किंवा पाठ घामट असली की. आत ओलं बोट फिरवून कड दाबून घ्या. शेवटी आधी तेल काढा, मग कडं. उलटं केलं की चादर गेलीच.

महालवाली: ते पीठ दुसऱ्या दिवशी चालतं का?

वैद्य_धंतोली: थंडीत फ्रिजमध्ये ठेवून, त्याच माणसाला. मे महिन्यात आंबतं, विचारूच नका. अजून एक, सांधा सुजून गरम असेल आणि सकाळी आखडत असेल तर तेल काहून चोळून राहिले? अशा सांधेदुखीत, म्हणजे आयुर्वेदातल्या आमवातात, तेल टाळतात, वाळूची पुरचुंडी कोरडी शेकतात. साखरेमुळे पायाला बधिरपणा असेल तर शेक दुसऱ्याच्या हाताने तपासून. भाजलेलं कळत नाही.

खुर्चीतला_माणूस: मान आणि पाठीचा वरचा भाग: टेनिस बॉल मोज्यात घाला, भिंत आणि पाठ यांमध्ये धरा, मणका आणि खवाटा (खांद्यामागचं चपटं हाड) यांच्या मधल्या मांसल भागावर. हाडावर नको. गाठ सापडली की 30 ते 60 सेकंद तिथेच थांबा, घासू नका. दुखणं दहापैकी पाच-सहाच. श्वास रोखला जात असेल तर दाब जास्त आहे. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. ताणाला हाच श्वास झोपताना पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी ठणकलं तर चालतं, हाताला मुंग्या आल्या तर बंद.

संत्रा_बर्फी: एकाच पोटरीला सूज, दुखणं असेल तर मालीश नाहीच, आधी डॉक्टर. शिरेत गुठळी असू शकते. कंबरदुखीत लघवी अडली किंवा पाय लुळा पडला तरी तेच, थेट दवाखाना.

सावजी_प्रेमी: मालिशीला जवसाचं तेल कसं?

रिकामा_कुलर: ना बे! ते हवेत सुकून चिकट होतं. आणि त्यात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नका, आपोआप तापून पेटू शकतो. बाहेर मोकळ्या हवेत सुट्या पसरवा किंवा पाण्यात बुडवा. मालिशीला तिळाचं.

सावजी_प्रेमी: म्हणजे जवस चटणीतच बरं. लसूण किती टाकता?

महालवाली: वाटीभर जवसाला सात-आठ पाकळ्या. जवस मंद आचेवर, तडतड थांबली की लगेच उतरवा, करपलं की कडू.