शब्दचर्चा: ‘द रेव्हन’ ही विरहकविता, विलापिका की आणखी काही?

प्रश्न : अमेरिकन कवी एडगर ॲलन पो यांच्या ‘द रेव्हन’ या कवितेवर मराठीत लेख लिहायचा आहे. मेलेल्या प्रेयसीसाठीचा, लिनोरसाठीचा हा शोक. त्याला ‘विरह’ म्हणावं, ‘विलापिका’ की ‘शोकगीत’? आणि त्यांच्याच ‘ॲनाबेल ली’ या कवितेतल्या ‘सेपल्कर’ला (मृताला ठेवण्याची जागा) ‘थडगं’ चालेल का?

प्रतिसाद : ‘विरह’ शक्यतो टाळा. ज्ञानेश्वरांच्या विरहिण्यांपासून मराठी कानाला सवय आहे ती अशी, की समोरचा आहे, फक्त दुरावला आहे. लिनोर मेलेली आहे. ‘विलापिका’ हा ‘एलिजी’चा (इंग्रजी शोककाव्याचा) रुळलेला प्रतिशब्द खरा, पण त्या प्रकारात साधारणपणे शोक, गुणगान आणि शेवटी सांत्वन असा प्रवास असतो. इथे लिनोरचं वर्णन दोन-चार विशेषणांत आटोपतं आणि सांत्वन तर नाहीच. ‘शोकगीत’ चुकीचं नाही, मात्र १८ कडव्यांची, प्रसंग आणि संवाद असलेली कविता त्यात नीट मावत नाही. मी ‘विलाप’ लिहीन.

प्रतिसाद : नेमका शब्द संस्कृत साहित्यशास्त्रात तयार आहे : करुण-विप्रलंभ. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पण’ या ग्रंथात विप्रलंभ शृंगाराचे, म्हणजे वियोगातल्या प्रेमाचे, चार प्रकार दिले आहेत : पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण. दोघांपैकी एक परलोकी गेला, पण पुन्हा मिळण्याजोगा असेल, तर करुण-विप्रलंभ. उदाहरण बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तल्या पुंडरीक-महाश्वेता या प्रेमिकांचं. भेटीची आशाच नसेल तर तो शृंगार उरत नाही, निव्वळ करुण रस होतो. पहिल्यात स्थायीभाव (रसाच्या मुळाशी असलेली भावना) रती, म्हणजे प्रेम, दुसऱ्यात शोक.

प्रतिसाद : मग ‘रेव्हन’ला करुण-विप्रलंभ कसं लावता? तिथे पुनर्भेट कुठे आहे?

प्रतिसाद : पुनर्भेट नाही, पण तिची आशा आहे, आणि कविता त्या आशेवरच चालते. १४व्या कडव्यात नायक लिनोरचा विसर पाडणारं औषध मागतो. १५व्यात दुःखावर उतारा आहे का, असं विचारतो. १६व्यात थेट विचारतो : दूरच्या स्वर्गात ती मला भेटेल का? खोलीत आलेल्या रेव्हन पक्ष्याचं उत्तर एकच, ‘नेव्हरमोअर’, म्हणजे ‘कधीच नाही’. पो यांनी १८४६च्या आपल्या निबंधात म्हटलं आहे की हे १६वं कडवं त्यांनी सर्वांत आधी लिहिलं. पक्ष्याला एवढा एकच शब्द येतो हे नायकाला कळलेलं असतं, तरी तो नकार येईल असेच प्रश्न मुद्दाम विचारत जातो.

आता कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’चा चौथा सर्ग शेजारी ठेवा. मदनाची पत्नी रती त्याच्या मृत्यूनंतर विलाप करते, देहत्यागाला निघते आणि आकाशवाणी होते : शिवपार्वतीच्या विवाहानंतर तुझा पती परत मिळेल. ‘कादंबरी’तही वरूनच दिलासा येतो. ‘रेव्हन’मध्ये वाणीची ती जागा तशीच आहे, फक्त तिथे पक्षी बसला आहे आणि तो नाही म्हणतो. म्हणून माझ्या मते लेखात लिहावं : ‘करुण-विप्रलंभ म्हणून सुरू होऊन करुणात संपणारा विलाप’. जरा लांब आहे, पण एका शब्दात कोंबलं तर १६वं कडवं हातातून निसटतं.

प्रतिसाद : ‘सेपल्कर’विषयी. ‘थडगं’ म्हटलं की जमिनीवरचा चौथरा किंवा शिळा डोळ्यांपुढे येते. ‘ॲनाबेल ली’चा नायक मात्र रोज रात्री तिच्याजवळ आत जाऊन निजतो. पो यांच्याच ‘युलालूम’ कवितेत तर दार आहे आणि मृत प्रेयसीचं नाव त्या दारावरच आहे, ‘थडग्याचं दार’ मराठीत विचित्र वाटेल. म्हणजे ही आत जाता येणारी दगडी खोली आहे. ‘समाधी’ नको, त्याला संतांचा आणि वीरांचा वास आहे. पहिल्यांदा ‘कबरीची दगडी खोली’ असं उलगडून लिहा, पुढे नुसतं ‘कबर’ चालेल. शेवटच्या ओळींत ‘कबरीशी’ लिहू नका, ‘कबरीत’च लिहा, भाषांतरं नेमकी तिथे बुजतात आणि कवितेतलं सगळ्यात भयंकर तेच गळतं.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. ‘नेव्हरमोअर’साठी ‘कधीच नाही’ ठेवू का? आणि पक्षी ‘डोमकावळा’?

प्रतिसाद : ‘कधीच नाही’ ठेवा, पण आठव्यापासून अठराव्यापर्यंत अकराही कडव्यांत तेच ठेवा. आठव्यात तो शब्द ‘तुझं नाव काय?’ याचं उत्तर आहे, सोळाव्यात भेटीला नकार, आणि शेवटच्या ओळीत तो नायकाच्याच तोंडी येतो. कुठे ‘पुन्हा नाही’, कुठे ‘आता नाही’ केलंत की एका शब्दाचा अर्थ गडद होत जाण्याची सगळी रचना कोसळते. पो यांना त्यात लांब ‘ओ’ आणि ‘र’ हवे होते. तो नाद मराठीत जातो, त्याला इलाज नाही.

‘डोमकावळा’ने मात्र घोटाळा होईल. कावळा आला की आपल्याला दहाव्याचा पिंड आठवतो : तो शिवला नाही तर गेलेल्याची इच्छा राहिली. म्हणजे आपला कावळा मृताच्या बाजूने बोलतो. पो यांचा पक्षी लिनोरच्या वतीने काहीच सांगत नाही. ‘रेव्हन’च ठेवा आणि पहिल्या उल्लेखात ‘कावळ्याच्या कुळातला, त्याहून थोराड काळा पक्षी’ एवढं जोडा.