मदत हवी आहे: यहुदी कायद्यात दोष गावाचा की गावच्या वडिलांचा?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आमच्या वाचनगटात यहुदी कायद्यातल्या सामूहिक जबाबदारीवर बोलायचं आहे आणि एका जागी गाडी अडली आहे.

तोरातल्या (यहुदी धर्मग्रंथातल्या) 'अनुवाद' या पुस्तकाचा अध्याय २१. रानात प्रेत सापडलंय, खुनी माहीत नाही. मोजून सर्वांत जवळचं गाव ठरवायचं. त्या गावच्या वडिलांनी (म्हणजे वडीलधाऱ्या प्रमुखांनी) जू न ओढलेली कालवड ओढ्यावर नेऊन तिची मान मोडायची आणि हात धुऊन म्हणायचं, हे रक्त आमच्या हातांनी सांडलं नाही. मिश्नेत, म्हणजे रब्बींनी (यहुदी धर्मपंडितांनी) घालून दिलेल्या नियमांच्या जुन्या संग्रहात (सोता, अध्याय ९), याचा तपशील तलाठ्याच्या पंचनाम्यासारखा आहे. मोजायला जेरुसलेमच्या मोठ्या न्यायसभेतले तिघे येणार. रब्बी यहूदा म्हणतात, पाच. मोजायचं कुठून? एलिएझर म्हणतात बेंबीपासून, अकिवा म्हणतात नाकापासून!

तिथेच पुढे विचारलंय: वडील खुनी असतील असं कुणाच्या मनात तरी येईल का? तर नाही. त्यांना म्हणायचंय की हा माणूस आमच्याकडे आला आणि आम्ही त्याला उपाशी किंवा सोबतीशिवाय धाडला, असं झालेलं नाही. इथवर पटतं. पण धर्मन्यायालय नसलेलं गाव मोजणीतून वगळतात, भले ते जवळ असो. भाकरी द्यायला न्यायालय कशाला लागतं?

सारे इस्राएली एकमेकांना जामीन, हे वचन माहीत आहे. पण तालमुदात, म्हणजे मिश्नेवरच्या रब्बींच्या चर्चेत (सान्हेद्रिन २७ब), त्यालाही मर्यादा आहे: रोखणं हातात होतं आणि रोखलं नाही, त्यांच्यापुरतं. म्हणजे जबाबदारी सगळ्या गावाची, की फक्त ज्यांचं गावात चालतं त्यांची?

(मूर्तिपूजेकडे वळलेल्या अख्ख्या गावाला शिक्षा सांगितली आहे, तो दाखला कृपया नको. तसं गाव कधी झालं नाही आणि होणारही नाही, असं एक मत तालमुदातच आहे.)

प्रतिसाद १

सरळ कारण म्हणजे विधी वडिलांनी करायचा. न्यायालय नाही म्हणजे हे वडील नाहीत, मग हात कोण धुणार? शिवाय मध्ययुगीन यहुदी पंडित मैमोनिडीसच्या 'मिश्ने तोरा' या कायदासंहितेत शोकाच्या नियमांचा अध्याय १४ बघा. वाटसरूला सोबत द्यायला दानासारखीच सक्ती करता येते, आणि सोबतीला माणसं नेमणं हे न्यायालयाचं काम. त्यात हयगय म्हणजे रक्त सांडल्यासारखंच. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे: भाकरी कुणीही देईल, पण सोबतीची व्यवस्था न्यायालयाची.

धागाकर्ता

आभारी आहे, हे फारच कामाचं. पण मग जेरुसलेम कसं सुटलं? सर्वांत मोठी न्यायसभा तिथेच, तरी ते शहर कालवड आणत नाही. कारण दिलंय की ते इस्राएलच्या बारा वंशांपैकी कुठल्याच वंशाच्या वाट्याला आलेलं नव्हतं (बावा कामा ८२ब). म्हणजे जबाबदारी अधिकारामागे जाते की जमिनीमागे? यावर कुणी वाचलं असेल तर कृपया सांगा.