अनुभव धागा: तुमच्या कम्प्युटरवर काय चालणार हे नक्की कोण ठरवतं?

कुळागर (फोंडा)
१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट (म्हणजे कंपनीकडून येणारे सुरक्षेचे अपडेट) संपला, पण आमच्या घरात तो विषय काही अजून संपलेला नाही. बाबांच्या दुकानातला कम्प्युटर इंटेलच्या सातव्या जनरेशनचा. रोज बिलं काढतो, एक स्क्रू ढिला नाही, आणि तरी स्क्रीनवर पाटी येते की याच्यावर विंडोज ११ बसणार नाही, कारण त्याला आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते. बाबा म्हणाले, सुपारी तोलायचा काटा बरोबर तोलतोय ना, मग काटा बदल म्हणून सांगणारा हा कोण?
तर लिहा तुमचे अनुभव. सॉफ्टवेअर का बदललं, का नाही बदललं, जगातल्या कुठल्या भानगडीची झळ तुमच्या टेबलापर्यंत आली. कुठलं भारी यावर भांडू नका (भांडणारच म्हणा तुम्ही).

खिळेजुळारी (म्हापसा)
माझं छपाईचं दुकान. लग्नपत्रिका, देवस्थानच्या पावत्या, जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं, सगळं पंचवीस वर्षं पेजमेकर नावाच्या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये. पेजमेकर ७ आलं २००१ मध्ये, त्याच्यानंतर कंपनीने पुढची आवृत्ती काढलीच नाही, तरी आमच्या धंद्यात ते मेलेलं नाही कारण जुन्या सगळ्या फायली त्याच्यात आणि जुन्या फॉन्टात. हे जुने फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले, फॉन्ट काढला की 'श्री गणेशाय नमः' च्या जागी नुसता इंग्रजी चिवडा. आता गिऱ्हाईक मजकूर पाठवतं व्हॉट्सॲपवर, म्हणजे युनिकोडमध्ये (कुठल्याही मोबाइल-कम्प्युटरवर मराठीच दिसणारं मराठी), तो मी कन्व्हर्टरमधून जुन्या फॉन्टात आणतो आणि तिथेच गोची होते. एका नाटकाच्या पाचशे हँडबिलांवर 'दुसऱ्या दिवशी' चं 'दुसर्या दिवशी' होऊन गेलं, म्हणजे र ची ती आडवी शेपटी गेली आणि 'य' च्या डोक्यावर रफार चढला. मी दोनदा वाचलं होतं हो, डोळ्याला दिसलंच नाही. देवस्थानच्या अध्यक्षांनी गठ्ठा सोडायच्या आधीच बोट ठेवलं, म्हणाले तुम्ही शाळेत गेला होता ना? पाचशेच्या पाचशे परत छापली, कागद माझ्या खिशातून.
म्हणून सांगतो, कोपऱ्यात एक विंडोज एक्सपीचा डबा आहे, नेटची वायर उपटून ठेवलेला. त्याचा सपोर्ट २०१४ लाच गेला. पुतण्या म्हणतो काका हे म्युझियमला द्या. देतो, आधी माझ्या फायली नव्यात उघडून दाखव.

मांडवीपल्याड (बेती)
आमच्या घरात ॲप आम्ही निवडलं नाही, अमिरातीने निवडलं. नवरा अबूधाबीला. तिथे व्हॉट्सॲपवर मेसेज, फोटो सगळं जातं, फक्त कॉल लागत नाही. म्हणून सासूबाईंच्या मोबाइलवर तिथे चालणारं बोटिम हे कॉलचं ॲप घालून दिलं, आणि ते चिन्ह पहिल्या पानावर एकटंच ठेवलं, नाहीतर त्या शोधत बसतात.
२०२५ च्या चतुर्थीला आमचा गणपती अनंत चतुर्दशीपर्यंत होता, ६ सप्टेंबर. उत्तरपूजेची आरती ह्यांना दाखवायची म्हणून मुलीने मोबाइल समईच्या बाजूला उभा केला, तर ह्यांचा चेहरा टाळ्या वाजवायला हात उचललेला तसाच गोठला. आवाज येतो, परत जातो, परत येतो तो मागच्या कडव्याचा. आम्ही रेंजला शिव्या घालत बसलो. दुसऱ्या दिवशी बातमी वाचली की त्याच दिवशी लाल समुद्रात जेद्दाहजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि अमिराती, पाकिस्तान, भारत सगळीकडे नेट रांगत होतं. कुठल्याशा जहाजाचा नांगर ओढला गेला असावा असं नंतर कळलं. सासूबाई म्हणाल्या, "बाप्पा उदकांत वचचे पयलीं तुमचें नेट गेलें." (बाप्पा पाण्यात जायच्या आधी तुमचं नेट गेलं.)

बोर्डिंगपास
१९ जुलै २०२४. मी तेव्हा विमानतळावर चेक-इनला होते. एका अमेरिकन सुरक्षा कंपनीचं एक अपडेट चुकलं आणि जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं निळी स्क्रीन दाखवून बंद पडली. आम्ही बोर्डिंग पास हाताने लिहिले. सगळ्यात आधी संपली ती पेनं. एक काकी पास उलटसुलट करून बघत म्हणाल्या, कदंब बसच्या कंडक्टरचं तिकीट यापेक्षा बरं असतं.

ताळेबंद (पणजी)
आमच्या ऑफिसात ठिणगी पडली ती नायरा या तेल कंपनीच्या बातमीने. जुलै २०२५ मध्ये युरोपियन युनियनने नायरा एनर्जीवर निर्बंध लावले, कारण त्यात रशियाच्या रोसनेफ्ट या तेल कंपनीचा जवळजवळ निम्मा हिस्सा, आणि मायक्रोसॉफ्टने त्यांची मेल वगैरे बंद केली. रिफायनरी गुजरातमध्ये, लायसन्सचे पैसे भरलेले, निर्बंध लावणारे ब्रसेल्सचे, स्विच अमेरिकेच्या कंपनीकडे. नायरा दिल्ली हायकोर्टात गेली, मग काही दिवसांत सेवा परत सुरू झाली. ते वाचून आमचे साहेब केबिनच्या बाहेर येऊन विचारतात, आपलं मेल नक्की कुठे असतं रे? कोणालाच धड सांगता येईना.
मग ऑक्टोबरमध्ये अमित शहांनी झोहो मेल घेतल्याचं जाहीर केलं आणि साहेबांनी दुसऱ्याच दिवशी फर्मान काढलं. मेल आरामात गेली, झोहो चेन्नईचं आहे, स्वस्त आहे, तक्रार नाही. पण एक्सेलमधले मॅक्रो (एका बटनावर आपोआप चालणाऱ्या सूचना)! आमच्या आधीच्या अकाउंटंटने बनवून ठेवलेली एक शीट आहे, ती काय करते हे ते रिटायर झाल्यावर कोणालाच माहीत नाही, फक्त बटन दाबलं की जीएसटीचा आकडा बरोबर येतो. ती झोहोत चालेना. म्हणून आता मेल स्वदेशी, एक्सेल परदेशी. आणि माझं मत विचाराल तर एका भाटकाराच्या (जमीनदाराच्या) भाटातून उठून दुसऱ्याच्या भाटात घर बांधलं, एवढंच झालं. हा आपल्या गावचा आहे, बस.

उकडेंशीत (वाळपई)
@ताळेबंद मग लिब्रेऑफिस (एक्सेल-वर्डसारखं फुकट सॉफ्टवेअर) का नाही? त्याला भाटकारच नाही. जर्मनीत श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये ठरवून ३० हजार सरकारी कम्प्युटर तिकडे न्यायला घेतले. मी शाळेत शिकवते, घरच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट (फुकट मिळणारी दुसरी सिस्टिम) टाकून दीड वर्ष झालं. मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीच आत असतं, प्रश्नपत्रिका त्यातच करते. त्रास एकच, शाळेत फाइल उघडली की तक्ता हलतो आणि जोड्या लावा मध्ये 'ब' गट पुढच्या पानावर जाऊन बसतो. पोरं खुश.

ताळेबंद
@उकडेंशीत ताई, मॅक्रोवाली शीट तुमच्याकडे पाठवू का?

पात्रांव
मी काहीच बदललं नाही. आणि सगळे सपोर्ट संपला म्हणून रडताय, खरं सांगा, विंडोज किती जणांनी विकत घेतलं होतं? कोपऱ्यावरच्या रिपेरीवाल्याने फॉरमॅट मारून तीनशे रुपयांत घालून दिलेलं, त्याचा कसला सपोर्ट.

खिळेजुळारी
@पात्रांव तीनशे? माझ्याकडून पाचशे घेतले चोराने.

कुळागर
रविवारी दुकान बंद असताना पेन ड्राइव्हवरून मिंट चालवून बघितलं. बिलाचा प्रिंटर पहिल्याच फटक्यात चालला, मी तर उडालोच. पण बाबांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर काही चालेना, आणि त्यात अकरा वर्षांची उधारी आहे. मग मुकाट्याने विंडोज १० ची जादा एक वर्षाची मुदत घेतली. ती फुकट हवी तर मायक्रोसॉफ्टचं अकाउंट उघडून सेटिंग त्यांच्याकडे सिंक करायची, नाहीतर ३० डॉलर. युरोपात ग्राहक संघटनांनी आवाज केल्यावर तिथे ती सिंकची अट काढली, आपल्याकडे आहे तशीच. बाबांना हे सांगितलं तर त्यांचा प्रश्न, म्हणजे माझी उधारी अमेरिकेला दिसणार? म्हटलं उधारी नाही, सेटिंग. पटलं नाही त्यांना, पण सही केल्यासारखं माउस स्वतः दाबलं.
मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. बाबांनी कॅलेंडर काढून बघितलं, तारीख नवरात्रात येते. पेन्सिलने गोल करून म्हणाले, देव मखरातून उतरू दे, मग बघू.