मदत हवी आहे: फेंडर बासमन हेड 1965चं आहे, पण आउटपुट ट्रान्सफॉर्मर कधीचा?

मंडळी, ब्लॅकफेस (काळ्या पॅनेलच्या) बासमन हेडचं, म्हणजे बास गिटारच्या स्पीकर नसलेल्या अँपचं, साल पक्कं करायचंय आणि एका आकड्यावर अडकलोय.

कॅबिनेटच्या आत चिकटवलेल्या ट्यूब चार्टवर (ट्यूबांच्या जागा दाखवणाऱ्या कागदावर) एए864 हा सर्किटचा क्रमांक छापलाय आणि तारखेचा शिक्का 'ओए' आहे, म्हणजे जानेवारी 1965. त्याच महिन्यात सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने फेंडर कंपनी विकत घेतली, म्हणून हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. पुढच्या पट्टीवर 'फेंडर इलेक्ट. इन्स्ट. कं.' आहे. पॉट्सवर (आवाज-टोन कमी-जास्त करणाऱ्या बटणांच्या भागांवर) 1376439, म्हणजे सीटीएस कंपनी, 1964चा 39वा आठवडा. पॉट्स घाऊक यायचे, त्यामुळे ते आधीचे असणं चालतं. पॉवर ट्रान्सफॉर्मर 606-4-47, म्हणजे 1964चा 47वा आठवडा, तोही जुळतो.

घोळ आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा (ट्यूबांकडून स्पीकरला सिग्नल देणारा). त्यावर 606-5-31 आहे. 606 म्हणजे शूमाकर ही बनवणारी कंपनी, 31 म्हणजे 31वा आठवडा, पण सालाचा एकच आकडा! 1965 धरलं तरी शिक्क्यानंतर सहा-सात महिने, आणि 1975 असेल तर नक्कीच बदललेला.

आकडे भिंगातून तीनदा वाचलेत. वायरींवर कापडी वेष्टण आहे, सांधे मळकट आहेत, फक्त स्पीकर जॅकजवळचा एक सांधा चकचकीत दिसतो. चॅसीला (आतल्या धातूच्या सांगाड्याला) जादा भोकं नाहीत. कॅपॅसिटरमधला चार्ज उतरवूनच उघडलं होतं. ट्रान्सफॉर्मर सोडवून बघणार नाही, मूळ सोल्डर मोडायचं नाही.

ट्रान्सफॉर्मर न काढता, बाहेरून दिसणाऱ्या कुठल्या खुणेवरून 1965चा शूमाकर आणि 1975चा शूमाकर वेगळा ओळखता येईल?