हबर्ड यांची दुसरी बाजू

बर्फ आणि कचरा वेळेवर उचलला जायचा म्हणून अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या डिअरबॉर्न शहराने ऑर्व्हिल हबर्डना ३६ वर्षं (१९४२-७८) महापौर ठेवलं, असं म्हटलं जातं. पटतं, पण अर्धंच. नागरिकांसाठी त्यांनी मिलफर्डजवळ तळ्याकाठी सुट्टीचा कॅम्प उभारला, ज्येष्ठांसाठी थेट फ्लोरिडात इमारत घेतली. एवढं कोण करतं? मात्र हे सगळं फक्त डिअरबॉर्नकरांसाठी, आणि डिअरबॉर्नकर कोण होणार यावर हबर्ड उघडपणे पहारा ठेवून होते. डिअरबॉर्नमधल्याच फोर्डच्या रूज मोटार कारखान्यात हजारो कृष्णवर्णीय कामगार राबायचे, पण त्याच गावात त्यांना घर मिळत नव्हतं. ही चीड आणणारी गोष्ट हबर्ड यांच्या कार्यक्षमतेपासून वेगळी काढता येत नाही.

नगरपालिकेसमोरचा त्यांचा पुतळा २०१५ मध्ये हलवला. २०२१ मध्ये तिथे अब्दुल्ला हम्मूद हे पहिले अरब-अमेरिकन महापौर निवडून आले.