अश्वगंधा आणि थायरॉईडची गोळी एकत्र चालते का?

प्रश्न: आईला झोप लागत नाही. थायरॉक्सिन (थायरॉईडची गोळी) ५० मायक्रोग्रॅम चालू आहे. अश्वगंधा किती द्यावी?

उत्तर १: आधी डॉक्टरांना विचारा. अश्वगंधेने टी-४ (थायरॉईडचं संप्रेरक) वाढू शकतं; मग धडधड, घाम सुटतो आणि झोप उलट उडते. त्यांनी होकार दिलाच तर ६ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) तपासा.

उत्तर २: मुळाचं चूर्ण दिवसाला ३ ते ६ ग्रॅम, कोमट दुधातून. अर्काची कॅप्सूल बहुधा ३०० मिलिग्रॅमची असते, तिला चूर्णाचं माप लावू नका. डब्यावर ‘मूळ’ लिहिलंय ना, ते बघाच. पानांत विथाफेरिन-ए हे पेशींना मारक द्रव्य जास्त असतं.

उत्तर ३: झोपेच्या गोळीसोबत नको, गुंगी वाढते. गरोदरपणात अजिबात नाही. लघवी गडद, डोळे पिवळे, अंगाला खाज? त्याच दिवशी बंद करून यकृताची तपासणी करा.